स्पष्टवक्ता दादा, तुमच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

घटस्फोटानंतरच्या पोटगीवरच्या माझ्या पोस्टखाली 'स्पष्टवक्ता' नावाच्या दादांची कमेंट आलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी दादांचं म्हणणं थोडक्यात सांगते. घटस्फोट झाला की बायकोला अर्धी प्रॉपर्टी मिळते असा कायदाच नाही, मी बायकांना भलती आशा लावतेय. कलमाचा नंबर चुकलाय. नोकरीवाल्या बायका पण पोटगी उकळतात त्यावर मी गप्प, 498ए (सासरच्या छळाचं कलम) च्या गैरवापरावर पण गप्प. आणि शेवटी, 'नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीत हिने एक रुपया तरी घातला काय ओ? स्वतःचं घर मोडलेल्या बायकाच असलं लिहीत बसतात.'

आधी शेवटचंच घेते. दादा, माझं घर मोडलेलं नाही, नवरा आत्ता बाहेर गाडी धुतोय, काळजी नसावी. आणि मोडलं असतं तरी तुम्हाला काय करायचंय? एखाद्या पुरुषाने जमिनीच्या कायद्यावर लिहिलं तर त्याला कोण विचारतं काय, तुझी स्वतःची किती गेली म्हणून? मुद्दा खोडता आला नाही की बाईच्या घरात डोकवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. इथे कितीतरी जण माझ्याशी भांडून जातात, मला त्याचं काही नाही, पण तोंड सांभाळून भांडतात.

नंबरचं तेवढं मान्य. पोटगीचं कलम मी सवयीने 125 लिहिलं, 1 जुलै 2024 पासून सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) जाऊन बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलं आणि तेच कलम आता 144 झालंय. दुरुस्त केलं. झालं समाधान?

आता तो तुमचा एक रुपया.

लग्नाआधी मी बेळगावात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला होते, पोटगीचे अर्ज रोज माझ्याच हाताखालून जायचे, त्यामुळे हे सगळं मला गूगलने शिकवलेलं नाही. आणि त्याहून जवळचं म्हणजे माझी थोरली बहीण. खानापूर तालुक्यात दिली होती (गाव सांगत नाही, तुम्ही तिथलेच निघायचात). गेली तेव्हा गोठ्यात दोन म्हशी, पुढे पाच झाल्या. शेण काढणं, वैरण, धार, किटली घेऊन डेअरीवर जाणं, फॅट कमी लावला म्हणून तिथे भांडणं, सगळं ताईचं. डेअरीचं पुस्तक कुणाच्या नावावर? दाजींच्या. बिल कुणाच्या खात्यावर? दाजींच्याच. त्या बिलातनं सोसायटीचं कर्ज फिटलं, मग शेजारचा तुकडा विकायला निघाला तेव्हा थोडे पैसे कमी पडत होते म्हणून ताईच्या पाटल्या मोडल्या, सोनाराने पावती केली दाजींच्या नावाने, आणि उताऱ्यावर नाव चढलं तेही त्यांचंच. पुढे घटस्फोटाच्या वेळी कोर्टात समोरचा वकील विचारतो, बाई, जमिनीत तुमचं काय कॉन्ट्रिब्युशन, काही कागद आहे काय? काय दाखवणार, हाताचे घट्टे? तर दादा, तुमचा प्रश्न नवीन नाही, आम्ही तो भर कोर्टात ऐकलाय.

हिंदू विवाह कायद्यात कलम 27 आहे, पण त्यात येतं काय, तर लग्नात किंवा लग्नाच्या आसपास मिळालेल्या आणि दोघांच्या मिळून असलेल्या वस्तू. कपाट, पलंग, भांडी. नंतरच्या वर्षांत राबून जे उभं केलं ते त्यात बसत नाही. स्त्रीधन बाईचंच, हे सुप्रीम कोर्टाने प्रतिभा राणी खटल्यात 1985 लाच सांगितलंय, पण त्या स्त्रीधनाचा एकदा जमिनीचा तुकडा झाला की पावतीशिवाय ते सिद्ध करून दाखवा बघू.

म्हणजे अर्धा हिस्सा कायद्यात नाही असं जे तुम्ही ओरडून सांगताय, ते माझ्या पोस्टमध्ये पण आहे, पूर्ण वाचली असती तर दिसलं असतं. फरक एवढाच की तुम्हाला ते बरं वाटतं आणि मला नाही. संसार परत जुळण्यातला नाही म्हणून घटस्फोट झाला तर बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा मिळावा, असं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत पास पण झालं होतं. लोकसभेची मुदत संपली आणि ते बुडालं. आणि लांब कशाला, चोर्ला घाट उतरा की. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचा नागरी कायदा अजून चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत नवरा-बायकोची मिळून, निम्मी निम्मी, आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. आमची मामेबहीण वाळपईला दिलीय, तिकडे हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय, त्यापायी कुणी देशोधडीला लागल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आपल्याकडे राहिली ती पोटगी. पगारदाराची निदान स्लिप असते, शेतकऱ्याचं काय? उसाचं बिल भावाच्या नावावर फिरवलं की माणूस एका रात्रीत गरीब. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकतीचं अफिडेविट द्यावं लागतं, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरायची असं त्यात आहे. दाजींनी अफिडेविटमध्ये जमीन कोरडवाहू लिहिली. आमच्या वकिलांनी फक्त उताऱ्यावरचा पिकाचा रकाना पुढे केला, त्यात ऊस. (उतारा कानडीत, ताईला तो वाचून दाखवायला शेजारचा पोरगा लागतो, त्या दुखण्यावर वेगळं लिहीन कधीतरी.) आणि वाचणाऱ्या बायकांनो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली पोटगीसाठी नवऱ्याच्या जमिनीवर कोर्ट बोजा चढवू शकतं. आपणहून कुणी सांगत नाही, वकिलाला सांगून अर्जातच मागून घ्या. ताईने मागितला, बोजा चढला, त्यानंतरच हप्ते तारखेला यायला लागले. त्याच्या आधी दर महिन्याला फोन करून भीक मागितल्यासारखं चालायचं, ते मी शेजारी बसून ऐकलंय.

नोकरीवाल्या बायकांचं म्हणाल तर कोर्ट तिचा पगार बघतंच. शिकलेली आहे म्हणजे कमावतेच असं नव्हे, हे पण सुप्रीम कोर्टाने सांगून झालंय. आणि त्याच कायद्याच्या कलम 24, 25 खाली नवऱ्याला पण पोटगी मागता येते, मागा की, कोण नको म्हणतंय. 498ए हा माझ्या पोस्टचा विषयच नव्हता. तुमचा असेल तर स्वतःचा ब्लॉग काढा, पैसे पडत नाहीत.

कमेंट ठेवलीय, काढणार नाही. घरच्यांवर परत घसरलात तर मात्र ब्लॉक.