मातीत खेळायचा फॉर्म

जानेवारीतली गोष्ट, संध्याकाळचे साडेसहा, मी सीताबर्डीच्या ट्रॅफिकमधून जीव वाचवून घरी आलो, चहा तोंडाला लावतच होतो तर न्यू जर्सीवरून बहिणीचा व्हिडिओ कॉल. "दादा, पोराचं लसीचं कार्ड कुठाय?" तिकडे सकाळचे ८ वाजले होते आणि जुलैच्या समर कॅम्पचं रजिस्ट्रेशन त्याच मिनिटाला उघडलं होतं. मागच्या वर्षी बिचारीनं मे महिन्यात चौकशी केली, आपल्यासारखं सुट्ट्या लागल्या की नाव टाकू म्हणून, तर सगळं फुल्ल. जानेवारीतच नंबर लावा लागते हे तिला सांगणारं तिथं होतं कोण?

आईनं मधातच विचारलं, कॅम्पमध्ये करतात काय. तर झाडं ओळखायची, किडे पाहायचे, चिखलात खेळायचं, आठवड्याचे काहीशे डॉलर.

"बाप्पा! चिखलात खेळायचे पैसे? तुले तर मी नाल्यावरून कान धरून आणत होती."

कार्ड शेवटी शिलाई मशीनच्या खणात सापडलं, बॉबिनी अन् लाइटबिलाच्या मधात. फोटो पाठवला तर वेगळंच रामायण. पोरगं नागपूरलाच जन्मलं, २ मे ला, हेपॅटायटिस बीचा पहिला डोस ४ मे ला, कार्डावर ०४/०५. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणून ते झालं ५ एप्रिल, म्हणजे लस घ्यायला पोरगं जन्माच्या महिनाभर आधीच हजर! कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही, तिथं ती पाहिजेच. अन् याला तर कांजिण्या झाल्याच होत्या, आईनं कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून बऱ्या केल्या, आता त्याचा दाखला कडुनिंबाकडून आणायचा का?

सगळं निस्तरलं तर शेवटचा रकाना. आईबाप सोडून दोन माणसं, इमर्जन्सीत अर्ध्या तासात पोचणारी. मी म्हटलं माझं नाव टाक. ती हसली, मग गप्पच झाली. नागपुरात अशी चाळीस नावं लिहून फॉर्म कमी पडला असता, तिथं चार वर्षांत दोन सापडेनात.

एक नवऱ्याच्या ऑफिसातला मिळाला. दुसऱ्या नावासाठी फोन हातातच घेऊन, आम्हाला कॉलवर ठेवूनच, ती खालच्या मजल्यावर गेली. तिथं एक तेलुगू बाई राहते, आजवर फक्त लिफ्टमधली ओळख. बाईनं दार उघडलं, ऐकून घेतलं, हो म्हणाली, अन् लगेच आतून स्वतःच्या दोन पोरींचे फॉर्म घेऊन आली, तिचाही तोच रकाना कोरा.

मग "नातं" या चौकटीत काय लिहायचं यावर दोघी अडल्या. आई इकडून ओरडली, "मावशी लिही वं, त्याइले काय समजते!"