दऱ्या, दर्या आणि तीन महिने पडून राहिलेला बग

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात काहीतरी लिहून जाईन म्हणून चार दिवस थांबलो. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची माझ्या मराठी शोधाच्या टूलमधून चाळता, 'दुसऱ्या' शोधलं की बरीच पुस्तकं येतच नाहीत, म्हणून तुम्ही इश्यू, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीची तक्रार, टाकलात, वर एका ओळीची दुरुस्तीही पाठवलीत, आणि मी तीन महिने हूं की चूं केलं नाही. तुमचं म्हणणं, ओपन सोर्सचे (कोड सगळ्यांसाठी खुला ठेवण्याचे) गोडवे गायला वेळ आहे पण बग बघायला नाही, जमत नसेल तर ज्याला हौस आहे त्याच्या हवाली करा नि मोकळे व्हा.

उत्तर न देणं ही माझी चूक, शंभर टक्के. माझ्या लायसन्समध्ये 'आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही' असं लिहिलंय पण त्याच्याआड मी लपणार नाही, कारण हमी न देणं वेगळं आणि समोरच्या माणसाला ताटकळत ठेवणं वेगळं. 'बघितलंय, वेळ लागेल' एवढं लिहायला दोन मिनिटं पुरली असती. मनापासून माफी मागतो.

पण तुमची ती एक ओळ मर्ज का केली नाही, म्हणजे टूलमध्ये का घेतली नाही, हे तुम्हाला कळायलाच हवं. 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवला जातो, कोण कुठल्या कीबोर्डवर टाइप करतं त्यावर. एकात नुक्तावाला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात पण शोधताना जुळत नाहीत, आणि युनिकोड या अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं एकसारखं करणं, तेही त्यांना एक धरत नाही. तुमच्या ओळीने काय केलं, तर तो न दिसणारा जॉइनर सगळीकडून काढून टाकला. मी ती माझ्या टेस्टच्या फाइलवर चालवली आणि सह्याद्रीच्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला! 'आचाऱ्यांना' होतं तिथे 'आचार्यांना' आलं, म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस थेट गुरुकुलात. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही, नुसता अर्थ बदलला. ज्या सूचीत असं झालं असतं तिथे ते कुणाला कधी दिसलंही नसतं. हे मला त्याच रात्री दिसलं होतं आणि तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं, तुम्ही मेहनत घेतली होती.

आता दुसऱ्याच्या हवाली करण्याचं. एका ओळखपाळख नसलेल्या अकाउंटने मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) होऊ का असं विचारलंय, खरंच मदत करायची असेलही. पण २०२४ साली एक्सझेडचं जे झालं ते मी विसरू शकत नाही. फायली कॉम्प्रेस करणारी साधी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड), जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते, आणि सांभाळणारा एकटा माणूस, तोही बिनपगारी, थकलेला. त्याला मेलवर मेल, उशीर का होतोय, दुसरा कुणी मेंटेनर घ्या. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला, हक्क मिळवले, आणि ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा घालून दिला. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. माझं टूल त्याच्यापुढे काहीच नाही, मान्य, पण तुमच्या वाचनालयाचा डेटा त्यातून जातोच ना? म्हणून किल्ली देणार ती हळूहळू, आधी पॅच (पाठवलेल्या दुरुस्त्या) बघून, टेस्ट बघून.

आणि हो, वेळ. माझी नोकरी वेगळी आहे, मुलगी झोपली की साडेदहानंतर मी रेपो (टूलचा कोड ठेवलेली जागा) उघडतो, कधी तासभर, कधी आठवडाभर उघडतच नाही. यातून पैसा मिळत नाही आणि मला नकोही आहे. आपल्या भाषेतला शब्द आपल्या भाषेत शोधला की सापडला पाहिजे, एवढ्यासाठी मी हे करतो, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

परवा रात्री दुरुस्ती वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर, टाकलीये. जॉइनर काढत नाही, य आणि ह च्या आधी र-हलन्त-जॉइनर आला तरच त्याच्या जागी ऱ-हलन्त ठेवतो, बाकी मजकुराला हात लावत नाही. इश्यूवर तुमचं नाव घालून सगळं लिहिलंय. तुमची सूची त्यावर एकदा चालवून बघाल का? विशेषतः 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड' असल्या नोंदी, कारण ह च्या आधीचा हा र मी फक्त माझ्याकडच्या तेवीस शब्दांवर तपासलाय. चुकलं तर तिथेच लिहा, या वेळी दोन दिवसांत उत्तर देतो.