वर्दी सोडताय? मग आधी माझं ऐकून घ्या

तर ठरलंच म्हणता तुमचं. वीस वर्षं भरली, आता बास, तीन महिन्यांची नोटीस टाकायची अन् मोकळं व्हायचं, नियमात बसतंय, कुणाच्या बापाला भ्यायचं नाही. अभिनंदन. निर्णय एकदम योग्य आहे अन् हे मी नाही तर कोण सांगणार, परभणी जिल्ह्यात पोलीस खात्यात बावीस वर्षं काढलीत, शिपाई म्हणून आत गेलो अन् हवालदार म्हणून बाहेर आलो, बाहेर येऊन चार धंदे केले त्यातले साडेतीन बुडवले. एवढा अनुभवी माणूस फुकटात सल्ला द्यायलाय तर घ्या ऐकून. आपल्याकडं म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. मी तर मुळातच परभणीचा, त्यामुळं मला परत यायचं भाडंसुद्धा लागलं नाही.

पहिली गोष्ट, बाहेर जाऊन आपल्याला काय जमणार ही काळजी सोडा. आपल्याला सगळं जमतं. उभ्याउभ्या झोपता येतं, तेपण डोळे उघडे ठेवून. उरुसाच्या बंदोबस्तात दुपारी झाकलेला डबा रात्री अकराला उघडून त्याच चवीनं खाता येतो. रडत आलेल्या माणसाला 'हे आपल्या हद्दीत येत नाही' असं इतक्या मायेनं सांगता येतं की तो नाल्यापलीकडच्या ठाण्याला जाताना आपलेच आभार मानतो. मोबाईल चोरीला गेला म्हणून आलेला माणूस जाताना स्वतःच्या हातानं 'हरवला' असं लिहून देऊन जातो, आहे का हे कौशल्य कुठल्या एमबीएवाल्याकडं? पंचनाम्याचं तर विचारूच नका. रस्त्यावरनं दोन माणसं धरून आणायची, नाव, वय, राहणार विचारायचं अन् धंद्यापुढं न विचारताच 'मजुरी' लिहून टाकायचं. मी एकदा एका रिटायर हेडमास्तरला मजुरी लिहिलं होतं. त्यांनी सही करायच्या आधी माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, पण त्या शब्दाला काही बोलले नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, घाबरले असतील.

एवढं शिकलेलं माणूस बाहेरच्या जगात उपाशी मरंल का? मरत नाही. पोट थोडं कमी होतं, ते डॉक्टर पण सांगतच होते.

आता कागदं. अर्ज दिला की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं फक्त अकरा महिन्यांचं. माझी फाईल एका कार्यालयात अडकली होती, कोणत्या ते विचारू नका, खिडकीतलं माणूस मान वर न करता म्हणायचं, 'मामा, उद्या या.' उद्या गेलो की साहेब मीटिंगला, परवा गेलो की सेवापुस्तकातल्या एका नोंदीवर सही नाही, अन् ज्यांची पाहिजे ते साहेब बदलून कुठल्या कुठं गेलेले. शेवटी सगळं जुळलं तर नो ड्यूज, म्हणजे खात्याचं काही देणं नाही असा दाखला, तो अटकला, कारण २०११ च्या कुठल्यातरी बंदोबस्तात मला दिलेली वेताची ढाल जमा झालेली दिसत नव्हती. ढाल! महिनाभर मी ती ढाल हुडकली. जुन्या ठाण्याच्या मागं पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलेली सापडली, वर एक वीट होती उडू नाही म्हणून.

आमचा आजा पोलीस अ‍ॅक्शनच्या गोष्टी लई सांगायचा. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या अन् १७ ला निजाम शरण. केलं सगळं लष्करानं अन् नाव पडलं पोलिसाचं, खात्याला इतकी फुकटची इज्जत पुन्हा कधी मिळाली नाही. पाच दिवसात अख्खी निजामशाही आटोपली अन् माझ्या एका फाईलीला अकरा महिने लागले. म्हणून सांगतो, खिडकीपुढं 'मी पोलीसवाला आहे' असं सांगू नका, पलीकडचं माणूसपण आपल्याच शाळेत शिकलेलं असतं. अन् तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या नंतर लागलेले असाल तर जुनी पेन्शन हा शब्द मंडळींसमोर काढूच नका, त्या शब्दावरनं आपल्या पोलीस लाईनीत किती घरात भांडणं झाली ते मी बघितलेलं आहे.

बरं, धंदा कोणता करायचा. सगळे पहिले सांगतात सिक्युरिटी एजन्सी काढा. काढा ना. खाजगी सुरक्षा एजन्सीचा कायदा २००५ चा आहे, लायसन काढावं लागतं, एका जिल्ह्याला ५,००० रुपये फी, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, अन् सगळं राज्य घ्यायचं तर २५,०००. मराठवाड्याचे जिल्हे आठ. म्हणजे नुसता मराठवाडा पाहिजे म्हणलं तरी कोल्हापूर अन् गडचिरोली गळ्यात घेऊन २५ भरावे लागतात, अनुशेष अनुशेष म्हणतात तो इथं पण आहे बघा. माझी तेवढी ताकद नव्हती म्हणून मी दुसऱ्याच्या एजन्सीत सुपरवायझर लागलो. कपडे दिले आकाशी शर्ट अन् निळी पँट. मी म्हणलं माझी जुनी खाकी आहे की कडक इस्त्रीची, तर मालकानं कायदाच दाखवला, कलम २१, गार्डानं पोलिसासारखा ड्रेस घातला तर एक वर्षापर्यंत कैद नाहीतर ५,००० पर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. बावीस वर्षं जी घालून मी लोकांना आत टाकलं ती आता घातली तर मीच आत. कायदा करणाऱ्याला विनोद कळतो असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

एका शोरूमच्या दारात उभं केलं होतं मला. पहिल्याच दिवशी पांढरी गाडी आली, आतनं पंचविशीतला मॅनेजर उतरला अन् माझा हात आपोआप कपाळाला गेला, सवयच ती, मेंदूला विचारत नाही. पोरगं दचकलं. मग माझ्याकडं नीट बघून म्हणलं, 'काका, तुम्ही मला बस स्टँडजवळ ट्रिपल सीट पकडलं होतं ना?' मला काही आठवंना, असे किती पकडले. म्हणलं असंन. तर म्हणतं, 'बरं ती कुंडी जरा उन्हात सरकवा.' सहा महिने कुंड्या सरकवल्या. झाडं मात्र लई चांगली आली.

दुसरा मार्ग पोलीस भरती अकॅडमी. यात पैसा आहे, अन् जी नोकरी आपल्याला नको झाली ती दुसऱ्याच्या पोराला लावून द्यायची म्हणजे पुण्यपण आहे. मैदान पाहिजे, ते कुणाच्यातरी पडीक रानात होतं. बॅनर पाहिजे, त्यावर आपला वर्दीतला फोटो, पोट दिसणार नाही इतपत कापलेला. बाकी पोरांनाच सगळं पाठ असतं, १६०० मीटर, १०० मीटर अन् गोळा मिळून मैदानी ५० मार्क, लेखी १००, उंची १६५, छाती ७९ अन् फुगवून ५ जास्त, मुलींना ८०० मीटर अन् १५५. पहाटं पाचला अंधारात चाळीस पोरं पळायली की रस्त्याच्या कडंला आपण शिट्टी घेऊन उभं राहायचं, आपल्याला स्वतःला पळून दाखवा असं कुणी म्हणत नाही, भारतीय संस्कृती आहे.

एक बाप आला होता पोराला घेऊन, जिंतूरकडचा. सोयाबीन विकून आलेला. त्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, हमीभाव ४,८९२ होता अन् मोंढ्यात चार हजारावर काटा हलत नव्हता. त्यानं बनियनच्या खिशातनं पैसे काढले, दोनदा मोजले, मग माझ्या हातात द्यायच्या आधी विचारलं, 'सायेब, नौकरी चांगली हाय ना ही?' म्हणलं एकदम. 'मंग तुमी कामून सोडली?'

म्हणलं, गुडघे.

पोराची उंची मोजली तर १६३. आता अशा वेळी सिंगल बारला लटकव, सहा महिन्यात वाढती, असं सांगायचं असतं, सगळे सांगतात, पोरगं एकोणीसचं असलं तरी सांगतात. मला ते सांगता आलं नाही. पैसे परत दिले. बापाला वाटलं मी फी वाढवून मागायलोय. तर या धंद्यात जायचं असंल तर तुमच्यात माझ्यासारखा काही दोष आहे का ते आधी बघून घ्या, नाहीतर चालू पावसाळ्यातच बंद पडती अकॅडमी.

राजकारणाचं विचारता? उत्तम. सुशीलकुमार शिंदे फौजदार होते, नोकरी सोडली, मुख्यमंत्री झाले अन् पुढं देशाचे गृहमंत्री. सत्यपाल सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते, २०१४ ला राजीनामा दिला अन् त्याच वर्षी खासदार. एन्काउंटरवाले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा २०१९ ला नालासोपाऱ्यातनं उभे राहिले अन् पडले, पण ते नाव काढायचं नसतं सल्ला देताना. मी ग्रामपंचायतीला उभा होतो. आमच्या घरात अन् चुलत्याच्या घरात मिळून अकरा मतं आहेत. मला नऊ पडली. तेव्हापासनं तपास चालू आहे, संशयित दोन आहेत, एका संशयिताच्या हातचं मी रोज जेवतो म्हणून पुढं जास्त बोलत नाही.

(सिनेमात जायचा विचार असंल तर राजकुमार मुंबई पोलिसात फौजदार होता हे खरं आहे, पण आधी आरशात बघून घ्या.)

वकिली करा असंपण कुणीतरी सांगंन, कलमं पाठ आहेत म्हणून. कोणती कलमं? १ जुलै २०२४ पासनं जुनी दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, सगळंच बदललं. आपण आयुष्यभर '३०२ लावीन' म्हणून दम दिला, आता खून १०३ ला गेला अन् न्याय संहितेत ३०२ म्हणजे बोलून धार्मिक भावना दुखावणं. ४२० तर राहिलंच नाही, मुळात कलमंच ३५८ आहेत. फसवणूक आता ३१८. परवा चावडीवर एकाला रागानं म्हणलं, 'तू ३१८ आहेस', तर तो म्हणला, कुठल्या गटाचं सांगायलाव, माझा गट नंबर २१४.

तर शेवटी उरतं हॉटेल. म्हणजे चहाचं. जिंतूर रोडला एक गाळा घेतला, चहा अन् सकाळी सुशीला, म्हणजे आपला चुरमुऱ्याचा नाश्ता. हे चालू आहे अजून, तेच ते अर्धं न बुडालेलं. याच्यात एकच अडचण आहे, ती म्हणजे आपलं खातं. नोकरीत असताना चहाचे पैसे दिल्याचं मला खरंच आठवत नाही, म्हणजे खिशात हात घालायचो पण हॉटेलवाला 'राहू द्या साहेब' म्हणायचा अन् मला वाटायचं माझ्यावर जीव आहे त्याचा. आता मी गल्ल्यावर बसलो की बीटवाले पोलीस येतात, सुशीलाच्या दोन प्लेटा, चार कटिंग, उठताना खिशात हात घालतात अन् तो हात खिशातच ठेवून माझ्याकडं बघतात. मग मी म्हणतो, राहू द्या. जीव-बिव काही नसतो हो त्यात. एकदा हिंमत करून उधारीची वही घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार माझ्या हाताखाली शिकलेला. वही शेवटपर्यंत वाचली, लई गंभीर चेहऱ्यानं, अन् म्हणला, 'मामा, बसा. एनसी घेऊ का, अदखलपात्र?'

गाडीवरचं 'पोलीस' मात्र काढू नका. त्याचा उपयोग काही होत नाही, आता नाक्यावरच्या पोरांना सगळं कळतं, पण काढलं की तेवढ्या जागेचा रंग वेगळा दिसतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या टपरीवर गुटख्याची रेड पडली. बंदी २०१२ पासनं आहे अन् टपरी त्याच्याही आधीपासनं, तरी त्या दिवशी पडली. संध्याकाळी गिऱ्हाईकाची वेळ, मी पातेल्यात दूध ओतायलो होतो. एक नवीन शिपाई आला, अंगावर वर्दी अजून ढिली होती. 'काका, पंच म्हणून चला जरा, पाच मिनिटं.' ती पाच मिनिटं किती असतात ते मी नाही तर कोण ओळखणार, गॅस बंद करूनच निघालो. नव्या कायद्यानं जप्तीचं शूटिंग करावं लागतं म्हणून दुसरा एक मोबाईल धरून उभा, मला म्हणतो, 'काका, इकडं नका बघू, मालाकडं बघा.' मालाकडं बघितलं. पुड्या मोजून झाल्या. मग तो स्टुलावर बसला अन् मांडीवर पॅड घेऊन लिहू लागला.

'नाव?' सांगितलं. 'वय?' बावन्न. 'राहणार?' तेपण सांगितलं.

पुढचा प्रश्न मला माहीत होता, म्हणून मी मनात जुळवू लागलो. सेवानिवृत्त पोलीस हवालदार सांगावं का हॉटेल व्यवसाय सांगावं, का दोन्ही सांगावं, रकान्यात मावंल का, अन् हवालदार म्हणलं तर पोरगं उठून उभं राहीन का उगं लाजंल, असलं काहीबाही. तोवर त्यानं कागद माझ्याकडं फिरवला. 'इथं सही करा.'

आख्खा वाचला मी. धंदा मजुरी. पुड्यांची बेरीज चुकली होती, तेवढी दुरुस्त करून दिली अन् सही केली.

'झालं काका,' तो म्हणला, 'चार कटिंग सांगा ना तेवढे.'