पोर वर्गात, पण पटावर नाही

नववीतल्या पोरीला काल आधार केंद्रावरून तिसऱ्यांदा हात हलवत परत पाठवलं. नंदुरबारच्या सातपुड्यातला पाडा, खाली यायला दीड तास जीप, बापाची मजुरी बुडाली ती वेगळीच. कारण काय, तर शाळेच्या जनरल रजिस्टरला जन्मतारीख 1 जून आणि आधारवर 1 जानेवारी! अहो, ती घरी जन्मली. तारीख कुणी लिहून ठेवायची? गुरुजींनी पहिलीत घालताना 1 जून लिहिली, कॅम्पमधला ऑपरेटर 01/01 टाकून मोकळा झाला. दोन्ही चुका साहेबलोकांच्या आणि हेलपाटे पोरीला.

दुरुस्तीला जन्मदाखला हवा. त्यासाठी आधी ग्रामपंचायतीचा नोंद नसल्याचा दाखला, मग प्रतिज्ञापत्र, मग वर्ष उलटून गेलेली नोंद म्हणून महसूलचा आदेश, मग कुठे नोंद. इतकं करून केंद्रावर जावं तर सर्व्हर डाउन. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, टंकताना पुन्हा चूक झाली तर पार मुंबईच्या विभागीय कार्यालयाकडे दाद मागा.

आणि आधार जुळेपर्यंत संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवतात त्या हिशेबात, ही पोर धरत नाहीत. रोज हजर, तरी शून्य. अशी दहा-बारा पोरं गळाली की पट खाली येतो, पद जातं, आणि जातो तो नेमका गणिताचा शिक्षक. मग बहुपदी शिकवायची कुणी? घरात पावरी, भिली या आदिवासी बोली बोलणारं लेकरू 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' एकट्यानं वाचून सोडवणार आहे का?

अनुसूचित जमातीच्या दाखल्याचं तर बोलूच नका. 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. पणजोबानं शाळेची पायरी चढली नाही, त्याचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64 टक्के आणि राज्याची 82, हे यांच्याच कागदात लिहिलेलं आहे ना!

आणि शाळेतली मोठी मदत आठवीला येऊन थांबते. पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पुस्तकं आठवीपर्यंत, शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत. म्हणजे ज्या वयात पोरगी ऊसतोडीत कोयता धरू शकते, नेमकं त्याच वयात सरकार हात काढून घेतं. दिवाळी झाली की टोळ्या गुजरातकडे निघतात. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आईबाप पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवतील? आश्रमशाळेत जागा असली तर ठीक, नाहीतर तीही ट्रकमध्ये. होळीला परत येते तेव्हा नववीचं वर्ष हातचं गेलेलं असतं.

आधारचं मशीन वर पाड्यावर आणा. ग्रामसेवक, तलाठी आणि ऑपरेटर एकाच दिवशी, एकाच ओट्यावर बसा. दाखला, आदेश, दुरुस्ती तिथंच करा. आणि हे दिवाळीच्या आधी करा, नंतर याल तेव्हा पाड्यावर कुणी भेटणार नाही.