गवत हिरवंच आहे आणि समोरचा गाढव नाही

घरच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या ग्रुपांवर एक गोष्ट सारखी फिरत असते. गाढव म्हणतं गवत निळं, वाघ म्हणतो हिरवं. भांडण सिंहाच्या दरबारात जातं. सिंह गाढवाला म्हणतो, "हो, निळंच आहे," आणि वाघाला पाच वर्षं गप्प राहण्याची शिक्षा देतो. माझं चुकलं काय, असं वाघ विचारतो. सिंह सांगतो, गवत हिरवंच आहे, पण तुझ्यासारख्या शहाण्याने गाढवाशी वाद घालण्यात वेळ घालवला, म्हणून ही शिक्षा. खाली तात्पर्य असतं: कुणाचे गैरसमज दूर करायला जाऊ नका, मान डोलवा, मनःशांती जपा.

ही गोष्ट मला मनापासून चुकीची वाटते. तिच्यात दडलेली गृहीतकं एकेक करून घेते.

"समोरचा गाढव आहे"

माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे. लोकलच्या डब्यात कुणाला फिट आली की काय होतं, ते अनेकांनी पाहिलंय. बरेचजण मागे सरकतात. एखाददुसरा पुढे येतो, चप्पल काढून त्या माणसाच्या नाकाशी धरतो. कुणी भाजीच्या पिशवीतून कांदा काढतं, कुणी मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबतं. यातल्या कशाचाही उपयोग नाही. पण हे करणाराच त्या डब्यात मदतीला उठलेला असतो, हे आधी मान्य करूया.

त्याचा समज आला कुठून? बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. चप्पल शोधून हुंगवेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. फिट थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. त्याच्या वडिलांनी हेच पाहिलं, आजोबांनीही हेच पाहिलं. डोळ्यांदेखत जे घडलं त्यावर त्याने विश्वास ठेवला. त्याला गाढव म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

म्हणून अशा वेळी "काय हा अडाणीपणा" म्हणून चालत नाही. "दादा, चप्पल राहू द्या, यांना कुशीवर वळवायला जरा हात लावा," एवढं म्हणावं. डोक्याखाली बॅग किंवा ओढणी, गळ्याजवळचं बटण सैल. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीच घालायचं नाही. एकाने घड्याळाकडे बघत राहायचं. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फिट आली, तर पुढच्या स्टेशनवर उतरवून थेट हॉस्पिटल. मदतीला आलेल्या माणसाला नेमकं काम दिलं की तो चप्पल आपणहून खाली ठेवतो.

"गवताच्या रंगाने कुणाचं काय बिघडतं?"

गोष्टीत काहीच बिघडत नाही, कारण लिहिणाऱ्याने मुद्दाम तसा विषय निवडलाय. असे गैरसमज खऱ्या आयुष्यातही असतात. पाहुण्यांना सीएसएमटी दाखवताना कुणी सांगतं की १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी याच इमारतीतून सुटली. गाडी ठाण्याला गेली ती बोरीबंदरहून, हे खरं, पण आजच्या इमारतीचं काम सुरू झालं १८७८ मध्ये. पाहुणे खूश असतील तर खुशाल सोडून द्यावं.

आता दुसरं वाक्य बघा. हायवेवर बाइकवाला पडलाय आणि रिक्षातला सहप्रवासी म्हणतो, "हात लावू नका, पोलिसांच्या लफड्यात अडकाल." इथे मान डोलावली तर किंमत मोजतो तो रस्त्यावर पडलेला माणूस, ज्याला या बोलण्यात काही म्हणायची संधीच नाही. माझ्या लेखी बोलावं की गप्प राहावं हे ठरवायची कसोटी हीच: या चुकीचा भुर्दंड कुणाला? बोलणाऱ्याच्या बढाईपुरता असेल तर जाऊ द्या. तिसऱ्या कुणाच्या जिवावर, अब्रूवर किंवा पैशावर येणार असेल तर गप्प राहण्याचा हक्क आपल्याला नाही.

रिक्षातला तो समजही हवेतून आलेला नाही. मदत करणाऱ्यांना पूर्वी पोलीस चौकी आणि कोर्टाच्या खेपा घालाव्या लागल्या आहेत. म्हणून तर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना देशभर बंधनकारक केल्या. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, जखमीला पोहोचवणाऱ्याला हॉस्पिटल अडकवून ठेवू शकत नाही. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी, फौजदारी दोन्ही जबाबदारीतून संरक्षण मिळालं. "आधी तसं होतं, आता कायदा बदललाय," असं म्हटलं की समोरच्याचा अनुभव खोटा ठरत नाही आणि जखमीला उचलायला दोन हात वाढतात.

"सांगून कुणी बदलत नाही"

याला संशोधनाचा आधार आहे असंही सांगितलं जातं. ब्रेंडन नायहान आणि जेसन रीफलर या अमेरिकन अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवलं होतं की काही वेळा खरी माहिती दिल्यावर लोक चुकीच्या समजाला आणखी घट्ट धरतात. ते निरीक्षण जगभर गाजलं. नंतर थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ विषयांवर हेच तपासलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. स्वतः नायहान यांनीही २०२१ मध्ये लिहिलं की तो वाटला होता तितका सर्रास होत नाही. खरी माहिती मिळाली की लोक तिच्याकडे थोडे तरी सरकतात. त्यांची राजकीय निष्ठा बदलत नाही, आणि जुना समज काही दिवसांनी डोकं वर काढू शकतो. म्हणून एकदाच सांगून भागत नाही.

आणखी एक. चुकीचं वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसलंय. सिंहाच्या दरबारात बाकीची जनावरंही होतीच ना? त्यांनी राजाच्या तोंडून ऐकलं की गवत निळं. खरं काय ते फक्त वाघाला कळलं, आणि त्याचं तोंड बंद केलेलं.

"नाती जपायची तर गप्प राहा"

इथे थोडं तथ्य आहे. ज्याच्या हातात आपली नोकरी किंवा राहतं घर आहे, त्याला टोकणं प्रत्येकाला परवडत नाही, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला तर त्या दिवशी काहीच शिकवू नये. पण या सल्ल्याने नातं नेमकं कुणाचं जपलं जातं, हेही बघायला हवं.

चाळीतल्या एका खोलीत सून टीबीची औषधं घेतेय. सासूने तिचं ताट-वाटी वेगळी केली आहे. टीबी पसरतो खोकल्यातून, हवेतून, कोंदट जागेत. भांड्यांतून नाही. नियमित गोळ्या, तोंडावर मास्क आणि उघडी खिडकी हा खरा बचाव आहे, आणि योग्य औषधं सुरू झाली की संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. साधा टीबी असला तरी उपचार सहा महिने चालतात. तेवढे दिवस त्या सुनेने वेगळ्या ताटात जेवायचं, आणि नर्सिंग शिकणारी शेजारची मुलगी "मोठ्यांच्या मध्ये कशाला बोला" म्हणून बघत राहणार? यात नातं जपलं गेलं म्हणणं मला जमत नाही.

त्या मुलीने सासूबाईंना गॅलरीत चारचौघींसमोर खोटं पाडू नये. दुपारी घरी जावं. "मावशी, तुम्ही घरच्यांच्या काळजीपोटीच केलंत," हे आधी म्हणावं, कारण ते खरंच आहे. मग टीबी कसा पसरतो ते सांगावं आणि भांड्यांचा विषय शेवटी काढावा. तरी पटलं नाही तर वाद वाढवू नये. पालिकेच्या दवाखान्यात टीबीच्या गोळ्या मोफत मिळतात, तिथे हेही विचारता येतं. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाताना सुनेबरोबर मावशींनाही घेऊन जावं.