साक्ष आणि काटा

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत साक्ष देण्याची वेळ असते. देवाने आठवड्यात काय केले, हे कोणीतरी उभे राहून सांगते. मीही अनेकदा सांगितले आहे आणि लोकांना ते आवडते, कारण मला बोलता येते. मात्र कोर्टात साक्षीदाराला उलटतपासणीला तोंड द्यावे लागते, तशी आमच्याकडे कोणी करत नाही, ही सोय मोठी आहे.

माझी उलटतपासणी दोन हंगामांपूर्वी कापसाच्या काट्यावर झाली. मी शहादा तालुक्यात खेडा खरेदी करतो, म्हणजे गावात जाऊन शेतकऱ्यांकडून कापूस घेतो. तिकाटण्याला लटकवलेला इलेक्ट्रॉनिक काटा, खाली कापसाचे गाठोडे, आणि कापडाचे वजन म्हणून गाठोड्यामागे एक किलो वजा करण्याची जुनी रीत. एका पावरा आदिवासी शेतकऱ्याने माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहत विचारले, "वजन बराबर शे ना, भाऊ?" मी हो म्हटले. तो गेल्यावर रिकामे कापड काट्याला लावून पाहिले, तर ते चारशे ग्रॅम भरले. म्हणजे सातशे रुपये दहा किलोच्या भावाने मी प्रत्येक गाठोड्यामागे बेचाळीस रुपये खात होतो, आणि रविवारी देवाच्या पुरवठ्याची साक्ष देत होतो!

खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो, हे बायबलमधील नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायात मी कितीदा वाचले असेल. नव्या करारातील साक्षीदार या अर्थाच्या 'मार्तूस' या ग्रीक शब्दाला पुढे विश्वासासाठी प्राण देणारा असा अर्थ आला, हेही मी उपदेशात ऐकले होते. मला तर फक्त सहाशे ग्रॅम द्यायचे होते, आणि तेही जड जात होते.

आपल्याकडे साक्ष म्हटले की शेजाऱ्यांना धर्मांतराची शंका येते आणि आपल्याला भाषणाची हौस येते. नवापूरकडच्या अनेकांना ख्रिस्ती माणूस माहीत आहे तो चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यामुळे. तिथे रात्री दोन वाजता कोणी दार उघडते की नाही, एवढेच रुग्णाचे नातेवाईक पाहतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. शब्दांवर एवढी हुकमत असलेल्या माणसाच्या घरातही पाच वर्षे गेली, यात मला दिलासा वाटतो.

जकातदार जक्कयाने लबाडीने घेतलेले चौपट परत करण्याचे येशूपुढे कबूल केले, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. माझे मन तेवढे मोठे नाही. वहीत ज्यांची नोंद सापडली, त्या नऊ जणांना मी एकपट परत केले, आणि आता प्रत्येक गाठोड्याचे रिकामे कापड शेतकऱ्यासमोर तोलतो. मापाड्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो, आणि इतर व्यापारी मला 'फादर' म्हणून चिडवतात. ओल्या कापसाच्या भावावरून आजही भांडण होते, आणि तिथे माझा आवाज चढतो, हेही खरे.

त्या पावरा शेतकऱ्याने पैसे घेतले, पण काही बोलला नाही. यंदा तो पुन्हा आला, तेव्हा गाठोडी आधी दुसरीकडे तोलून, वजन चिठ्ठीवर लिहून घेऊन आला होता. मी चिठ्ठी मागितली नाही. काटा लावला आणि आकडा त्याला दिसेल असा त्याच्याकडे वळवला.