जुलाब लागल्यावर पाणी तोडायचं, हे कुणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात माझ्या आत्याला पहाटे चारला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत नऊ वेळा. मी पोचलो तेव्हा जीभ कोरडी ठाक, उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी, आणि सकाळपासून लघवीच नाही. वय सत्तर, त्यात बीपीची गोळी चालू. पाण्याचं विचारलं तर म्हणाली, "अरे, बंद केलंय. तो मेसेज आला होता ना."

तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तिघांनी टाकला होता: अचानक जुलाब लागले तर पाणी पूर्ण बंद करा, चोवीस तास काही खाऊ नका, कोरी चहा पावडर गिळा, मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणि अँटिबायोटिक आणा, ओआरएस (पाण्यात कालवून प्यायची साखर-मिठाची पूड) लहान मुलांचं असतं, मोठ्यांना त्याचा उपयोग नाही.

पाण्याचंच आधी घेतो, कारण त्यानेच माणसं दगावतात. आत्याचं म्हणणं होतं की घोटभर प्यायलं की लगेच जावं लागतं. ते खरं आहे, मला मान्य करावं लागेल. पोटात काही पडलं की आतडं हलतं आणि कळ येते. पण तेव्हा बाहेर पडतं ते आत्ता प्यायलेलं पाणी नसतं, आतड्यात आधीच साचलेलं असतं. पाणी तोडल्याने जुलाब थांबत नाहीत. शरीरातलं पाणी आणि मीठ जातच राहतं, फक्त भरून यायचं बंद होतं.

आणि ओआरएस मुलांचं? 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा घालून ते, म्हणजे ओआरएसच, रुग्णांना प्यायला दिलं. भरून भरून, नातेवाइकांच्या हातून. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. ती काही लहान मुलांची छावणी नव्हती, धडधाकट बाप्येही पटकीने आडवे झाले होते. हे चालतं कसं, तर आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत घेणारी वाट असते आणि जुलाबातही ती बहुतेक वेळा शाबूत राहते. साखर मिठाला आत ओढते, मिठामागे पाणी जातं. सत्तरीतही तेच आतडं असतं.

माप मात्र चुकवू नका. लिटरचं पाकीट आत्याच्या शेजारणीने एका ग्लासात कालवून आणलं होतं. इतकं दाट पाणी उलट जुलाब वाढवतं. पाकिटावर लिटर लिहिलं असेल तर लिटरभरच पाणी. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दर जुलाबानंतर ग्लासभर, उलटी होत असेल तर चमच्या-चमच्याने. उरलेलं चोवीस तासांनी ओतून द्या.

उपाशी राहण्यात अर्धं तथ्य आहे. तळलेलं, तिखट, दूध टाळावं. पण पेज, मऊ भात, ताक, केळं, मुगाची खिचडी खाऊ द्या. चहा पावडरीने गेलेलं मीठ परत येत नाही, याहून जास्त त्यावर लिहायची गरज नाही.

जुलाब थांबवायच्या गोळीचं मात्र ऐका. शौचातून रक्त किंवा आव पडत असेल, ताप असेल, तर ती घेऊ नका. जे बाहेर पडायला हवं ते आत अडकून राहतं. आणि अँटिबायोटिक? मोठ्या माणसांचेही बरेचसे जुलाब विषाणूंचे असतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही, काहींना तर त्यानेच जुलाब लागतात. ते कधी लागतं हे डॉक्टर ठरवतील, मेसेज लिहिणारा नाही.

आत्याला मी तसंच डॉक्टरांकडे नेलं. बीपीची गोळी चालू ठेवायची का, हेही विचारलं, कारण अंगातलं पाणी इतकं गेलेलं असताना ते विचारावंच लागतं. वाटीतून चमच्याने पाजत बसलो. संध्याकाळी साडेसातला तिला लघवी झाली, गडद पिवळी, पण झाली. सलाइन लागली नाही.

तुमच्या घरी कुणाची लघवी सहा-आठ तास बंद असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, शौचात रक्त असेल, 102 च्या वर ताप असेल, पोटात काहीच ठरत नसेल किंवा दोन दिवसांत उतार नसेल तर थांबू नका. तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी पडायला लागलं तर तासाभराचीही वाट पाहू नका, पाजत पाजतच दवाखाना गाठा. म्हातारी माणसं, गरोदर बाया, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेले, यांच्या बाबतीत तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.